उचलून नेता येईल तेवढंच

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं सगळं सामान पाठीला लावून हिंडणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. प्रत्येक वस्तूला वजन असतं आणि चढणीवर ते वाढत जातं. म्हणून निघण्यापूर्वी तो सॅक पुन्हा पुन्हा उपसतो, एकेक चीज हातात धरून विचारतो, हिच्यावाचून चालेल का? मंगोलियाच्या कुरणांतून फिरताना ज्या वास्तूने मला सगळ्यात जास्त काळ धरून ठेवलं, ती याच प्रश्नाचं शेकडो वर्षं पारखून घेतलेलं उत्तर आहे. ती वास्तू म्हणजे गेर, पशुपालक मंगोल कुटुंबाचं नमद्याचं गोल घर. एखादी बंदिश जशी जागा जागा थांबून ऐकावी तसं हे घर वाचावं असं मला मनापासून वाटतं. लोक त्याचा फोटो काढतात, आत जाऊन चहा पितात आणि ‘किती साधं!’ म्हणून निघून जातात. ते साधं नाही. त्यातून अनावश्यक ते काढून टाकलेलं आहे, आणि त्याला बुद्धी लागते.

ते जिथे उभं राहतं ती जागा आधी डोळ्यांपुढे आणायला हवी. मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट मोठा देश आहे. माणसं पस्तीस लाखांच्या आसपास, त्यांतली निम्मी एकट्या उलानबातर शहरात. उरलेल्या प्रदेशात गवत, वारा आणि जनावरं. 1992च्या राज्यघटनेनुसार कुरणं खाजगी मालकीची होत नाहीत, त्यामुळे मैलोन् मैल बांध नाही, कुंपण नाही. मेंढ्या, शेळ्या, घोडे, गुरं किंवा याक आणि उंट यांच्या चाऱ्याप्रमाणे कुटुंब वर्षातून काही वेळा मुक्काम हलवतं. गोबीच्या कोरड्या भागात जास्त वेळा आणि लांब, खांगाईच्या हिरव्या डोंगरांत कमी वेळा आणि जवळ.

गेर पाहायचं तर ते उभं होताना पाहावं. अर्खांगाई प्रांतातल्या एका कुरणावर मला ते भाग्य लाभलं. पूर्वी हे सामान उंटांवर यायचं, आता बहुधा ट्रकवर येतं. आधी काय उतरवलं गेलं? चूल. मग पेट्या, मग पलंग. सगळं उघड्या गवतावर, पण आपापल्या नेमक्या जागी मांडलेलं. चूल मध्यभागी, देवाची पेटी उत्तरेला, पलंग दोन बाजूंना. वर आभाळ, भोवती काहीच नाही, आणि तरीही घर तिथे आलेलं होतं. आपण आधी भिंती बांधतो आणि मग विचार करतो की आत काय कुठे ठेवायचं. इथे घर आतून सुरू होतं. भिंती नंतर येऊन त्याला वेढतात.

दार दक्षिणेकडे तोंड करून उभं करतात. मग येतात ‘खन’, म्हणजे वाळुंजाच्या बारीक काठ्यांच्या जाळ्या. काठ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कातडी वादीची गाठ मारलेली, त्यामुळे जाळी घडी होते आणि ओढली की उलगडते. जास्त ताणली तर भिंत लांब आणि बुटकी होते, कमी ताणली तर आखूड आणि उंच. वाऱ्याच्या जागी घर ठेंगणं करायचं की पावसाच्या दिवसांत छपराला उतार द्यायचा, हे त्या ताणण्यावरच ठरतं. सर्वसाधारण कुटुंबाचं गेर पाच खनांचं. भिंत जेमतेम माणसाच्या खांद्याएवढी.

नंतरचा क्षण या रचनेची सम आहे. एकजण मधोमध उभा राहून ‘तोनो’ वर उचलतो. तोनो म्हणजे घराच्या माथ्याचं लाकडी चक्र. त्याच्याखाली दोन खांब येतात, ‘बगाना’, आणि बाकीचे भोवतीने धावत एकेक उनी, म्हणजे छपराची लांब दांडी, एका टोकाने चक्राच्या भोकात आणि दुसऱ्या टोकाने जाळीच्या माथ्यावर अडकवत जातात. पहिल्या चार-पाच उनींपर्यंत सगळं डळमळतं. मग हळूहळू डळमळणं थांबतं. प्रत्येक दांडी चक्राला आत रेटते आणि भिंतीला बाहेर ढकलते. ते ढकलणं आवरायला भिंतीच्या कमरेभोवती दोर आवळलेला असतो. पाया नाही, मुळं नाहीत. एकमेकांना रेटणाऱ्या आणि ओढणाऱ्या बळांचा मेळ बसला की घर उभं. तोनोपासून आत एक दोर लोंबतो, ‘चागताग’ त्याचं नाव. एरवी तो छपराच्या दांड्यांत नीट गुंडाळून खोचलेला असतो आणि शुभ मानला जातो. वादळ आलं की त्यालाच वजन बांधतात किंवा माणसं तो धरून बसतात. म्हणजे घराला जडपणा लागतो तो फक्त वादळापुरता, आणि तेवढ्यापुरताच तो उसना घेतला जातो. मला हा दोर फार आवडतो.

सांगाड्यावर नमदा चढतो. मेंढीची लोकर काठ्यांनी झोडपून पिंजायची, जुन्या नमद्यावर थर देत पसरायची, पाणी शिंपडून दांड्याभोवती गुंडाळायची आणि ती गुंडाळी घोड्यामागे बांधून कुरणावरून फिरवत राहायचं. धागा नाही, माग नाही. दाबाने आणि घासण्याने लोकरीचे तंतू एकमेकांत अडकत जातात. आपल्याकडे धनगरी जेन याच तत्त्वावर होतं. ज्या जुन्या नमद्यावर नवा तयार होतो त्याला आई म्हणतात आणि नव्याला लेक. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली चाळीसपर्यंत उतरू शकतो, तेव्हा थर वाढवायचे. उन्हाळ्यात भिंतीच्या नमद्याची खालची कड वर सरकवायची की गवतावरून येणारा वारा जाळीतून थेट आत. असं सगळं मिळून वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं. ते तासाभरात उतरतं आणि दोनेक तासांत उभं राहतं.

इथवर मी कौशल्याबद्दल बोललो. रस पुढे आहे.

घरात ज्या गोष्टी जड असतात त्या इथल्या लोकांनी सोडून दिल्या नाहीत. त्यांनी त्यांचं बिनवजनी रूप शोधलं. हे लक्षात आलं तेव्हापासून मला गेर निराळं दिसू लागलं.

खोल्यांचंच पाहा. गेरात एकही आडभिंत नाही, तरी खोल्या आहेत. उत्तरेकडची बाजू खोइमोर, तिथे देव, पूर्वजांचे फोटो, घरातल्या मोलाच्या वस्तू, आणि मान असलेला पाहुणा. पश्चिमेची बाजू पुरुषांची, तिथे खोगीर आणि लगाम. पूर्वेची बाईची, तिथे भांडी आणि दूधदुभतं. दारातून आत आल्यावर डावीकडून, सूर्याच्या गतीने फिरायचं. दोन खांबांच्या मधून जायचं नाही. विस्तवाकडे पाय करायचे नाहीत, त्यात केर टाकायचा नाही. विटांची भिंत उंटावर लादता येत नाही, म्हणून ती नियमांची केली. आणि हे नियम विटांपेक्षा टिकले. 1253-54 मध्ये रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू इथून गेला, त्याने लिहून ठेवलेली मांडणी हीच आहे. यजमानाची जागा उत्तरेला, बायका पूर्वेला, पुरुष पश्चिमेला. त्याचा सोबती मोंगके खानाच्या घरातून बाहेर पडताना उंबऱ्याला अडखळला तर त्याला धरून नेलं. नियम माहीत नव्हता म्हणून सुटका झाली, पण खानाच्या घरात पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही. आजही उंबऱ्यावर पाय देत नाहीत. सॅक पाठीवर असताना त्या बुटक्या दारातून वाकून, उंबरा ओलांडून आत शिरायला सावध राहावं लागतं, आणि त्या सावधपणात आपण घराला आपोआप नमस्कार करून जातो.

घड्याळाचंही तेच. तोनोतून उन्हाचा एक तुकडा आत पडतो. सकाळी तो पश्चिमेच्या दांड्यांवर असतो, तिथून खाली उतरत भरदुपारी उत्तरेला खोइमोरपाशी येतो आणि दिवस कलताना पूर्वेच्या बाजूला चढतो. घराचा गोल बारा प्राण्यांच्या बारा प्रहरांत वाटलेला, उत्तरेला उंदीर, दक्षिणेला घोडा. दार दक्षिणेला नसतं तर हे घड्याळ चाललं नसतं. ते नेहमी दक्षिणेलाच असतं, म्हणून मुक्काम कुठेही हलला तरी वेळ बिघडत नाही. देवासमोर दुपारी ऊन येतं यापेक्षा देवघराची नेमकी जागा कोणती शोधावी? आणि चुलीतून धूर निघण्याची वाटही तिथेच. एक भोक खिडकी होतं, घड्याळ होतं आणि धुरांडं होतं. गेरात एकच काम करणारी वस्तू शोधायला फार वेळ लागतो.

नक्षीकडे मात्र लोक चकित होऊन पाहतात. इतकं तोलूनमापून आणलेल्या घरात पेट्यांवर, दारावर, उनींवर, तोनोवर एवढी नक्षी कशाला? नारिंगी पेट्यांवर निळ्या-हिरव्या वेलांच्या रेषा आणि त्यांत कुठेही टोक न सापडणाऱ्या गाठी. हे अनावश्यक ओझं आहे असं वाटण्याआधी क्षणभर थांबावं. शोभेची म्हणून दगडी मूर्ती नाही, जड झुंबर नाही. शोभा आहे ती रंगात, शिवणीत, गाठीत. रंगाला वजन नसतं. कंजूषपणा आणि काटकसर यांतला फरक इथे दिसतो. कंजूष माणसाने पेटी कोरी ठेवली असती. या लोकांनी लाकूड पातळ ठेवलं आणि रंग भरभरून दिला.

अंगणाची जागा अगत्याने घेतली आहे. गेराचं दार वाजवत नाहीत. लांबूनच ‘नोखोइ खोर’ अशी हाक घालायची, म्हणजे कुत्र्याला आवरा. मग आत गेलं की विचारपूस नंतर, आधी खारट दुधाचा चहा. वाटी उजव्या हाताने घ्यायची, डावा हात उजव्या कोपराला लावून. दाराशी घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, ऐरागची, कातडी पखाल टांगलेली असते आणि येणारा-जाणारा तिच्यातली रवी दोनचार वेळा घुसळून पुढे जातो. ऐराग हजारो वेळा घुसळावं लागतं. घरच्या माणसाचे हात पुरत नाहीत म्हणून ते पाहुण्यांतही वाटलेलं आहे. मीही घुसळलं. त्या घरातल्या आजींनी नुसती मान हलवली, जसं हे मी करणारच होतो. आणि चुलीत जळत होत्या कुरणावर वेचलेल्या रानगोवऱ्या. इंधनदेखील बरोबर नेलेलं नव्हतं, ते जनावरांनी पुढच्या मुक्कामावर आधीच तयार ठेवलेलं असतं.

गेरात जडपणा आणण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. रुब्रुकच्या विल्यमने पाहिलेल्या सरदारांच्या गेरांना चाकं होती. एका गाड्याच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर त्याने वीस फूट मोजलं, आणि ते अख्खं घर ओढायला अकरा-अकराच्या दोन ओळींत बावीस बैल. साम्राज्याला शोभेल असं ते दृश्य असेल. ओरखोन खोऱ्यात ओगदेई खानाने 1235च्या सुमारास काराकोरम या राजधानीला तटबंदी घातली. ते बैलगाडीवरचे महाल गेले. काराकोरमचे दगड सोळाव्या शतकाच्या अखेरीस एर्देने झू मठाच्या बांधकामात गेले. राहिलं ते उंटावर मावणारं. खुद्द उलानबातर ही 1639 साली उभी राहिलेली गेरांची मठनगरी होती. सगळं शहर गुंडाळून ते वीसहून अधिक वेळा हललं आणि 1778 मध्ये तूल नदीकाठी स्थिरावलं.

आता गेराच्या छपराजवळ सौर पॅनेल असतं, आत दूरचित्रवाणी असते. सरकारी योजनेतून 2012पर्यंत लाखभर पशुपालक घरांत सौरवीज गेली. याने गेर बाटलं म्हणणाऱ्या प्रवाशांशी माझं मुळीच जुळत नाही. उचलून नेता येईल अशी वीज गेराच्या व्याकरणात अचूक बसते. व्याकरण मोडतं ते दुसरीकडे. ‘झुद’ म्हणजे जनावरांना गवतापर्यंत पोचूच न देणारा जीवघेणा हिवाळा. 2009-10च्या झुदमध्ये ऐंशी लाखांहून जास्त जनावरं मेली. कळप गेलेली कुटुंबं गेर ट्रकवर घालून उलानबातरच्या डोंगरउतारांवर आली. त्या वस्त्यांत शहराची निम्म्याहून अधिक माणसं राहतात. तिथे पहिलं काम म्हणजे फळ्यांचं उंच कुंपण घालणं. मग त्या चौकोनात गेर. गोवऱ्यांऐवजी कोळसा, आणि तो धूर एवढा साचू लागला की 2019 मध्ये कच्च्या कोळशावर शहरात बंदी आली. दार तेच, तोनो तोच, खोइमोरला देव तेच. पण कुत्र्याला आवरा म्हणून लांबून हाक मारायला मध्ये लांबच राहिलेलं नाही, आणि गवत संपलं तर उठून जायला पुढचं कुरण नाही.

पैसा जमला की कुटुंब त्याच कुंपणात विटांचं घर बांधतं. गेर सहसा मोडत नाहीत. ते शेजारी उभं राहतं, स्वयंपाकाला, म्हाताऱ्या माणसांना, किंवा खेड्याकडून पुढच्या हिवाळ्यानंतर येणाऱ्या नातेवाइकांना लागेल म्हणून.