दोन आनंदीबाई

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनातील डॉ. आनंदीबाई जोशी ही प्रामुख्याने त्या कादंबरीतील आनंदी आहे. तिच्यावर नाटक झाले, २०१९ मध्ये याच नावाचा चित्रपटही आला. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंच्या निधनानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८८९ मध्ये लिहिलेले चरित्र मात्र बहुधा अभ्यासकांच्याच हाती राहिले. ही दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचताना आम्हांस जे जाणवले, ते येथे नमूद करीत आहोत.

कादंबरीची पकड विलक्षण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. टपालखात्यातला तो हट्टी, तऱ्हेवाईक, बायकोला शिकविण्याच्या ध्यासाने पछाडलेला गोपाळराव! त्याचा संताप येतो आणि कीवही येते. परंतु पुस्तक मिटल्यावर मनात रेंगाळतो तो गोपाळरावच. आनंदी ही जणू त्याने घडविलेली मूर्ती. आमची तक्रार आहे ती इथे.

आनंदीबाईंनी अमेरिकेहून पतीला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी बसलेला मार, बाराव्या वर्षी अंगावर आलेल्या खुर्च्या व पुस्तके, चौदाव्या वर्षी टाकून देण्याची धमकी, हे सारे त्यात आहे. आणि हे वागणे बरे की वाईट, याचा निवाडा आपल्याला अवघड वाटतो, असेही त्या लिहितात. त्याच चौदाव्या वर्षी त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. घरची अडचण म्हटली की आपल्याला दारिद्र्य आठवते. येथे पाटी पुढे करणारा आणि मारणारा हात एकच होता.

आमच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाऊ नये. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा ख्रिस्ती व्हावे अशी सूचना उत्तरात आली. तो पत्रव्यवहार छापला गेला. न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांनी तो वाचला आणि कोणतीही अट न घालता या मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले. त्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधील सेरामपूर येथील जाहीर सभेत हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे आनंदीबाईंनी इंग्रजीतून सांगितले होते. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. हा निर्धार काही मारून शिकविता येत नाही.

काशीबाईंना हे उमगले, कारण त्याही विवाहानंतर, पतीच्या इच्छेखातर अक्षरओळख वाढवीत लेखिका झालेल्या. त्यांचा सूर आज अतिआदराचा वाटेल; पण त्यांनी आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार घेतला, आणि पत्रांतून बाई स्वतः बोलते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी, कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागावर नेमणूक, आणि रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू: एवढ्या तुटपुंज्या आयुष्यात दुसऱ्याने तिच्यासाठी बोलायला जागाच कुठे आहे?

वसईच्या कितीतरी घरांतील मुली परिचारिका होण्यासाठी मुंबईला गेल्या, आजही जातात. शाळेच्या ग्रंथालयातून त्यांच्या हाती ‘आनंदी गोपाळ’ पडते. काशीबाईंचे चरित्र तिच्या शेजारच्या फळीवर असावे, एवढेच आमचे ग्रंथपालांना सांगणे आहे.