स्वतंत्र अॅनिमेशनकारांचे जीवन आणि शैली : नॉर्मन मॅक्लॅरेन व युरी नॉर्स्टीन यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अॅनिमेशन या कलाप्रकाराची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होते : मुलांचे मनोरंजन आणि संगणकाधारित रोजगार. या दोहोंपलीकडे, कवीने किंवा चित्रकाराने घडवावी त्याप्रमाणे स्वतःची शैली घडविणारे अॅनिमेशनकार विसाव्या शतकात झाले. त्यांना 'स्वतंत्र' असे संबोधले जाते. परंतु हे स्वातंत्र्य नेमके कशापासून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडमध्ये जन्मून कॅनडात कार्यरत राहिलेले नॉर्मन मॅक्लॅरेन (१९१४-१९८७) आणि रशियाचे युरी नॉर्स्टीन (जन्म १९४१) यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. या दोघांचेही महत्त्वाचे चित्रपट शासकीय संस्थांच्या नोकरीत असताना निर्माण झाले. त्यामुळे आश्रयदाता नसणे म्हणजे स्वातंत्र्य, ही रूढ व्याख्या येथे अपुरी पडते.

मॅक्लॅरेन : अभावातून घडलेली शैली
ग्लासगो येथील कलाशाळेत शिकत असताना मॅक्लॅरेन यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. त्यांनी जुन्या फिल्मवरील प्रतिमा धुऊन काढली आणि मोकळ्या पट्टीवर थेट रंगकाम केले. ही निकडीतून सुचलेली युक्ती पुढे त्यांच्या शैलीचा पाया ठरली. १९४१ मध्ये जॉन ग्रिअर्सन यांच्या निमंत्रणावरून ते कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात दाखल झाले आणि अखेरपर्यंत प्रामुख्याने तेथेच रमले.

'बिगॉन डल केअर' (१९४९) या चित्रपटात ऑस्कर पीटरसन यांच्या जॅझ संगीताला रंग आणि रेषा साथ देतात. येथे मॅक्लॅरेन व एव्हलिन लॅम्बर्ट यांनी अनेक ठिकाणी फ्रेमची सीमारेषाच मानली नाही. लांब पट्टीवर सलग रंग फासले. फ्रेममध्ये काय आहे यापेक्षा दोन फ्रेमच्या दरम्यान काय घडते याला महत्त्व देणारी त्यांची भूमिका येथे प्रत्यक्ष दिसते.

'नेबर्स' (१९५२) मध्ये साधन बदलते. सीमेवर उगवलेल्या एका फुलासाठी दोन शेजारी परस्परांचा जीव घेतात. येथे जिवंत नटांनाच बाहुल्यांप्रमाणे एकेका फ्रेमने हलविले आहे. या पद्धतीस पिक्सिलेशन म्हणतात. माणसे जमिनीवरून घसरत जातात, हवेत तरंगतात, आणि हळूहळू माणूसपण गमावतात. स्पेनच्या यादवी युद्धाचे १९३६ मध्ये केलेले चित्रीकरण, १९४९-५० मधील युनेस्कोसाठीचे चीनमधील वास्तव्य आणि त्यानंतरचे कोरियन युद्ध ही या चित्रपटाची पार्श्वभूमी आहे. तथापि, अखेरीस अनेक भाषांत झळकणारा शेजारधर्माचा उपदेश कलादृष्ट्या अनावश्यक वाटतो. जे प्रतिमेने सांगून झाले, ते शब्द पुन्हा सांगतात.

नॉर्स्टीन : स्मृतीचे थर
नॉर्स्टीन यांचा जन्म युद्धकाळात, मॉस्कोबाहेर स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. बालपण मॉस्कोतील मारिना रोश्चा या वस्तीत गेले. काही काळ फर्निचरच्या कारखान्यात काम केल्यानंतर ते सोयुझमुल्तफिल्म या शासकीय स्टुडिओत आले.

त्यांचे तंत्र कापलेल्या आकृत्यांचे आहे. काचेचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात, वरून कॅमेरा पाहतो आणि पात्रांचे सुटे अवयव चिमट्याने हलविले जातात. 'हेजहॉग इन द फॉग' (१९७५) मधील धुके पातळ पारदर्शक कागदाचे आहे; तो कागद पात्रावरून कॅमेऱ्याच्या दिशेने उचलला की पात्र धुक्यात विरते. साधन इतके साधे असूनही परिणाम गूढ आहे.

'टेल ऑफ टेल्स' (१९७९) हा या शैलीचा कळस होय. अंगाईगीतातील करडा लांडगा एका रिकाम्या घरात वावरतो. टँगोच्या सुरावर नाचणाऱ्या जोडप्यांतून एकेक पुरुष नाहीसा होतो आणि स्त्रिया तशाच उभ्या राहतात. युद्धाचे एकही दृश्य न दाखवता युद्धाची हानी येथे सांगितली आहे. काचेचे थर हे येथे केवळ तंत्र उरत नाही; स्मृतीची रचनाही अशीच थरांची असते. या दृष्टीने नॉर्स्टीन यांचा संयम मॅक्लॅरेन यांच्या उपदेशापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो.

तुलना :
'स्वतंत्र' या शब्दातून एकाकी प्रतिभावंताचे चित्र उभे राहते. ते दोन्ही ठिकाणी खरे नाही. लॅम्बर्ट यांच्याविना मॅक्लॅरेन यांचे अनेक चित्रपट संभवले नसते. नॉर्स्टीन यांच्या पात्रांना रूप देणाऱ्या त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा आणि छायाचित्रकार अलेक्झांडर झुकोव्स्की हे त्या शैलीचे सहनिर्माते आहेत.

दोघांतील खरा भेद वेळेच्या अधिकाराचा आहे. फिल्म बोर्डाने मॅक्लॅरेन यांना फसण्याची मुभा दिली, म्हणूनच ते प्रत्येक चित्रपटात नवे साधन हाती घेऊ शकले. नॉर्स्टीन यांनी १९८१ मध्ये गोगोलच्या 'ओव्हरकोट'वर काम सुरू केले. संथ गतीच्या कारणावरून १९८०च्या दशकाच्या मध्यास त्यांना स्टुडिओ सोडावा लागला. चार दशके उलटूनही हा चित्रपट पूर्णत्वास गेलेला नाही. या अपूर्णतेला केवळ सोव्हिएत व्यवस्था जबाबदार आहे असे म्हणता येत नाही. मोजक्याच हातांवर विसंबणारी शैली स्वतःची किंमतही मागते.

भारतीय संदर्भात मुंबईच्या तत्कालीन फिल्म्स डिव्हिजनमधील प्रमोद पती यांचे उदाहरण बोलके आहे. चेकोस्लोव्हाकियात यिरी त्रन्का यांच्याकडे शिकलेल्या पतींनी 'आबिद' (१९७२) मध्ये चित्रकार आबिद सुरती यांना घेऊन पिक्सिलेशनचा प्रयोग केला. शासकीय अनुबोधपटांच्या चाकोरीतही असा अवकाश निर्माण होऊ शकला, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष :
स्वतंत्र अॅनिमेशनकाराचे स्वातंत्र्य हे पैशापासूनचे वा संस्थेपासूनचे स्वातंत्र्य नसून हात, साधन आणि वेळ यांवरील अधिकार होय. साधनाच्या मर्यादेतून शैली जन्मते, जीवनानुभव तिला आशय देतो आणि संस्था तिला वेळ देते किंवा नाकारते. म्हणून या चित्रपटांची समीक्षा केवळ कथानकाच्या आधारे करणे अन्यायाचे ठरेल. महाविद्यालयीन स्तरावर अॅनिमेशन शिकविताना संगणकप्रणालीच्या प्रशिक्षणाबरोबरच कागद, काच आणि फिल्मची पट्टी यांतून घडलेल्या या परंपरेचा परिचय करून देणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थ्यांच्या हाती साधने येतील. शैली येणार नाही.