हिरवी पाटी, कोरडी टाकी

कामाची जागा 'पर्यावरणस्नेही' कशी करावी, याच्या याद्या आता जागोजागी दिसतात. दिवे मालवा, कागद पाठपोट वापरा, प्लॅस्टिक टाळा, कुंड्या ठेवा, झाडे लावा. २०२० साली राज्यात 'माझी वसुंधरा अभियान' सुरू झाले आणि भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश ही पाच तत्त्वे गावोगावच्या भिंतींवर रंगली. शिक्षकाची कामाची जागा म्हणजे शाळा. तेव्हा या याद्या आपल्याही दाराशी आल्या आहेत.

यादीतली एकेक सूचना घेतली तर तीत चूक काढण्यासारखे काही नाही. आमचा आक्षेप यादी करण्याच्या रीतीवर आहे. ती वस्तू मोजते: किती झाडे, किती फलक, किती दिवे. पाणी, उष्णता आणि वीज कोठून येतात व कोठे जातात, हे ती विचारत नाही. जागा कोणती, हेही विचारत नाही. त्यामुळे मुंबईतल्या वातानुकूलित कचेरीला आणि भूम-परंड्याच्या माळावरील शाळेला एकच यादी लागू होते.

धाराशिव जिल्ह्याचेच (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद) उदाहरण घेऊ. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जमिनीखाली बेसाल्टचा कठीण खडक. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आगेमागे, पण भरवशाचा नाही. शेजारच्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

अशा ठिकाणी शाळेने शंभर रोपे लावली, तर यादीप्रमाणे तिला पूर्ण गुण. राज्याच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टेही अशीच वाढत गेली: २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. पण लावणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. जगवणे ही दोन-तीन उन्हाळ्यांची.

हिशेब करून पाहू. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला २० लिटर पाणी द्यायचे ठरवले. शाळेत १५० मुले आहेत आणि जेवणाआधी व नंतर हात धुताना प्रत्येकाचे २ लिटर पाणी जाते असे धरले, तर सहा दिवसांचे १,८०० लिटर होते. ते चर काढून रोपांकडे वळवले, की ९० रोपे जगू शकतात. एप्रिलपर्यंत सारे सुरळीत. मे उजाडतो आणि शाळेला सुट्टी लागते. मुले नाहीत, म्हणून हात धुणे नाही, म्हणून रोपांना पाणी नाही; आणि तीव्र उन्हाळा नेमका तेव्हाच. सुट्टीच्या ७ आठवड्यांत एका रोपाला १४० लिटर लागतील, शंभर रोपांना १४,००० लिटर. शाळेची टाकी ५,००० लिटरची असेल, तर ती भरलेली व झाकलेली राखूनही ३५ रोपेच तगतील. अर्थात आठवड्यातून दोनदा पाणी घालायला कोणी तरी यायला हवे, ते वेगळेच. मग शंभर रोपे लावणारी शाळा अधिक हिरवी, की पस्तीस लावून पस्तीस जगवणारी?

पाऊस कमी म्हणून हे घडते, असेही नाही. १०० चौरस मीटरच्या छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६०,००० लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ४८,००० लिटर उरते. उणीव साठवणीची आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून पाणी अडवणाऱ्या आदिलशाही काळातील कारागिरांना हे ठाऊक होते. आपल्या यादीत मात्र 'पाणी वाचवा' हा फलक असतो. टाकी किती लिटरची आणि ती १ मे रोजी किती भरलेली होती, हा रकाना नसतो.

विजेचेही तसेच. दिवसा भरणाऱ्या शाळेत दिव्यांवर खर्च होणारी वीज मुळातच थोडी. पण धाराशिव शहराला उजनी धरणातून पाणी येते. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी जवळपास शंभर किलोमीटर, आणि चढ सुमारे दीडशे मीटरचा. १,००० लिटर पाणी १५० मीटर उचलायला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर हाच आकडा पाऊण युनिटाच्या जवळ जातो. नळातील घर्षण त्याहून वेगळे. शहरातल्या शाळेत गळणारा नळ म्हणजे चालू राहिलेला दिवाच आहे, पण यादीत हे दोन्ही वेगवेगळ्या पानांवर असतात.

आता उष्णतेकडे वळू. धाराशिव १८ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उन्हाचा मारा भिंतींपेक्षा छपरावर अधिक. पत्र्याच्या वर्गात एप्रिलमध्येही बसवत नाही ते यामुळे. 'जुनी माळवदाची घरे थंड होती, तिकडे परत चला,' असे काही जण सुचवतात. माळवद थंड असते हे खरे, कारण मातीच्या जाड थरातून उष्णता उतरायला वेळ लागतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, ती बहुतांशी याच जड छपरांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली. उमरगा-लोहाऱ्याच्या शिक्षकांना हे सांगायला नको. जुने ते सारे पर्यावरणस्नेही, हाही न तपासलेला फलकच झाला.

आपल्याला वजन न वाढवता छप्पर थंड करायचे आहे. फेब्रुवारीत स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला, तर तो पडलेल्या उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. काळवंडलेला स्लॅब बहुतेक ऊन शोषून घेतो. पावसाने चुना धुपतो, म्हणून हे दर वर्षी करावे लागते आणि पहिल्या पावसाचे पाणी टाकीत न घेता सोडून द्यावे लागते. उलट 'सुशोभीकरण' म्हणून अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवले, की अंगण तापते आणि पाणी जिरायचे थांबते. तरी पाहणीच्या दिवशी ते स्वच्छ दिसते, हे मान्य केले पाहिजे.

तपासणीची यादी आपल्या हाती नसते. पण तिच्या शेजारी आपली एक वही ठेवता येते. तीत दर सोमवारी टाकीची पातळी, मीटरवरील आकडा, दुपारी दोन वाजताचे वर्गातले तापमान आणि जिवंत रोपांची संख्या, एवढे चारच रकाने मुलांनी भरावेत. त्यासाठी मोजपट्टी आणि साधा तापमापक पुरे. एका वर्षात त्या वहीतून गुणाकार, सरासरी, आलेख आणि उष्णतेचा धडा शिकवून होईल. पुढच्या पावसाळ्यात रोपे किती आणायची, हेही मग मुलेच आकडेमोड करून सांगतील.