डार्लिंग आणि द्वंद्वसमास : कल्पितेचे सांस्कृतिक व्याकरण

पुरुषाच्या प्रेमकल्पनेतील स्त्री ही त्याच्या एकांताची निर्मिती होय, असे रोमँटिक समीक्षेचे गृहीतक आहे. वस्तुतः या एकांताची सामग्री समाजाकडूनच आलेली असते. नागपूरच्या संदर्भात ही बाब ठळकपणे दिसते. महालातील वाडासंस्कृती आणि सदरमधील रेसिडेन्सी रोड, ऑल सेंट्स कॅथीड्रल, मिशनच्या शाळा या एकाच शहरातील दोन चिन्हव्यवस्था होत. वाड्यातील स्त्री नात्याने बांधलेली. सदरसारख्या वसाहतकालीन वस्तीतील स्त्री मराठी मध्यमवर्गीय तरुणाला दिसणारी, परंतु त्याच्या नात्यांच्या जाळ्यात न बसणारी. दूरत्व आणि दृश्यता यांच्या या संयोगातूनच कल्पिता संभवते.

माणिक गोडघाटे (१९३७–२०१२) यांनी ‘ग्रेस’ हे नाव ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ (१९५८) या चित्रपटातील इन्ग्रिड बर्गमनच्या प्रभावातून घेतले, हे सर्वश्रुत आहे. बर्गमनने तीत साकारलेली ग्लॅडिस एल्वर्ड ही चीनमध्ये गेलेली ब्रिटिश मिशनरी. म्हणजे येथे अभिलाषेचा विषय आधीच पावित्र्याने वेढलेला आहे. प्रतिमा पाश्चात्त्य, तिच्याशी जडलेले नाते मात्र विरहभक्तीच्या देशी परंपरेतले. आराध्येशी निगडित नाम स्वतः धारण करणे ही भक्ताचीच रीत.

‘राजपुत्र आणि डार्लिंग’ (१९७४) या शीर्षकात हा संकर उघड होतो. ‘राजपुत्र’ कहाणीतून येतो, ‘डार्लिंग’ इंग्रजी संभाषणातून. परंतु पहिले पद व्यक्तीचा दर्जा सांगते, दुसरे केवळ संबोधन आहे. संबोधिलेली स्त्री ऐकते. तिचे बोलणे शीर्षकाच्या व्याकरणात गृहीत नाही. ग्रेस यांची स्त्री म्हणजे स्त्री नव्हे, दुःखाचे रूप होय, असा बचाव केला जातो. मात्र स्त्रीचे दुःखात रूपांतर होणे हेही तिच्या मौनाचेच एक रूप ठरते.

हे मौन इंग्रजी संस्काराचे अटळ फळ मानता येत नाही. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा ‘कुसुमानिल’ हा पत्रव्यवहार याच विदर्भाच्या वाङ्मयविश्वातला. कुसुमावतींनी लंडनला इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले होते. रोमँटिक प्रेमाची आयात भाषा प्रियकराइतकीच प्रेयसीलाही अवगत होती. कल्पना पत्रांतही आहे, आदर्शीकरणही आहे. परंतु प्रत्येक प्रतिमेला उत्तर मिळण्याची शक्यता असल्याने तिला स्थिर राहता येत नाही. शीर्षकातील समास म्हणूनच अर्थपूर्ण ठरतो : दोन नामे, दोन्ही लिहिती.

या तुलनेने ग्रेस यांच्या काव्याचे मोल उणावत नाही; त्याला ‘विश्वात्मक’ म्हणणाऱ्या समीक्षेचे मात्र उणावते. सांस्कृतिक पार्श्वभूमी पुरुषाच्या कल्पनेला प्रतिमा पुरवते. त्या प्रतिमेला प्रत्युत्तराचा अधिकार आहे की नाही, हेही तीच ठरवते. प्रेमकवितेच्या समीक्षेने प्रतिमेचा उगम शोधून थांबणे पुरेसे नाही. तेथे उत्तरासाठी जागा मोकळी ठेवली आहे काय, हे तिने तपासले पाहिजे.