लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून

(शेंदूरजनाघाट येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय ‘प्रवासवर्णन’ असा छापला आहे. तो मी जरा अरुंद करून घेतो. मला बोलायचंय ते पाहुण्याबद्दल. आपण दुसऱ्याच्या गावात जातो, परत येऊन लिहितो, आणि त्या लिहिण्यात आपण कसे पाहुणे होतो ते उघडं पडतं. कितीही लपवा, दिसतंच ते.

निमित्त सांगतो. आपल्याच भागातले एक निवृत्त गुरुजी मुलाकडे नॉर्वेला जाऊन आले. तिकडून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा भागांत प्रवासवर्णन पाठवलं. नाव सांगत नाही, ते पुढच्याच रांगेत बसले आहेत. (हशा.) त्यांनीच मला म्हटलं, माझ्या लेखनावर बोल, पण खरं बोल. आता इतकं म्हटल्यावर काय करणार.

भाषा सुंदर आहे. समुद्रात उतरलेले डोंगर, रात्री अकरा वाजताचं ऊन, लाल लाकडी घरं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. ते लोफोतेन बेटांवर गेले होते. तिथं हेनिंग्सवेर नावाचं मासेमारांचं लहानसं गाव आहे. खडकांच्या मधोमध त्याचं फुटबॉलचं मैदान, आकाशातून काढलेला त्याचा फोटो तुम्हीही मोबाइलवर पाहिला असेल. गुरुजींनी ते वर्णनही छान केलंय. पण सातव्या भागात एक वाक्य येतं, ‘गाव इतकं शांत की माणसं दिसतच नाहीत.’ आणि पुढच्याच ओळीत, ‘मात्र मासळीचा वास असह्य.’

मी तिथंच थांबलो. अहो गुरुजी, वास आहे म्हणजे माणसं आहेत! जानेवारी ते एप्रिल तिथं कॉड माशाचा हंगाम असतो. लोक गोठवणाऱ्या थंडीत होड्या काढतात. मासा लाकडी मांडण्यांवर टांगून, मीठ न लावता, नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. त्या मैदानाच्या भोवतीच्या मांडण्या त्याच. आणि तुम्ही ज्या लाल घरात उतरलात त्याला ‘रोर्बू’ म्हणतात. हंगामाला बाहेरगावाहून येणाऱ्या मासेमारांनी राहावं म्हणून बांधलेली ती खोपटी. आज पर्यटक तिथं झोपतात. म्हणजे ज्याच्या अंथरुणावर झोपलो त्याची ओळख नाही, आणि त्याच्या धंद्याचा वास मात्र असह्य.

हे गुरुजींचं एकट्याचं नाही. माझंही आहे. आम्ही इथले चौदा जण एकदा कोकणात गेलो होतो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूत टोपल्या, बोली चाललेली. आम्ही वऱ्हाडी माणसं, समुद्र पाहिला की वेडे होतो. सगळे थेट लिलावाच्या घोळक्यात. एकाच्या नाकाला रुमाल, दुसऱ्याचा मोबाइल पाटीवाल्या बाईच्या तोंडासमोर. ती म्हणाली, “दादा, बाजूला व्हा. आमचा धंदा चाललाय.” एवढंच. रागावली नाही. आमच्यातला एक मागं येऊन म्हणतो, “काऊन हो, फोटोच त काढून रायलो होतो!”

रात्री मला पन्हेरी आठवली. आपल्या गावाचं नाव चालतं ते संत्र्याच्या कलमांवर. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेला, वाफ्यात पाय कुठं टाकायचा हे आपल्या पोराला न सांगता कळतं. आणि शहरातून पाहुणे येतात, वाफ्यात शिरून सेल्फी काढतात, बागेत फांदी ओढून फळ तोडतात तेव्हा आपल्या पोटात कसं होतं? तो तोडणारा वाईट माणूस नसतो. त्याला ते शेत दिसतच नाही. त्याला ‘निसर्ग’ दिसतो. हर्णैला आम्हालाही निसर्गच दिसत होता.

आता साहित्याकडे येतो. मराठीत पाहुणा कसा असावा याचं एक मोठं उदाहरण 1889 सालचं आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तिथं जवळजवळ तीन वर्षं राहिल्या आणि परत आल्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव नीट ऐका, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून. मी कुठं गेले, काय खाल्लं, हे दुय्यम. तिथले लोक राज्य कसं चालवतात, घर कसं चालवतात, शाळा, दानधर्म, बायकांच्या संघटना, हे मुख्य. त्या देशावर त्यांचा जीव जडला होता, पुस्तकात कौतुक भरपूर आहे. तरीही तिथल्या मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना दिलेली वागणूक त्यांनी झाकली नाही. यजमानाचा आदर म्हणजे यजमानाची खुशामत नव्हे, हे त्यांना कळत होतं. आपल्याकडे मात्र परदेशाबद्दल दोनच सूर चालतात. एक, ‘वा, काय शिस्त!’ आणि दुसरा, ‘आपल्या वरणभाताची सर नाही.’ दोन्हींत समोरच्याला एक प्रश्नसुद्धा विचारलेला नसतो.

मग पु. ल. ‘अपूर्वाई’ 1960 चं. इथं कुणी ते वाचलं नसेल असं वाटत नाही. माझं मत थोडं अडचणीचं आहे, पण सांगतो. पुलंचा विनोद मला पाहुण्याचा विनोद वाटतो, कारण त्यात फजिती आधी स्वतःची असते. गोंधळलेला मराठी मध्यमवर्गीय माणूस तिथं हास्यास्पद आहे, यजमान नाही. ही फार सभ्य रीत आहे. पण पुलंच्या नंतर जे झालं ते वाईट झालं. अनुकरण करणाऱ्यांनी विनोद उचलला आणि स्वतःला त्यातून अलगद बाहेर काढलं. उरली ती परक्यांची थट्टा. उच्चारांची, जेवणाची, कपड्यांची. दिवाळी अंकांतली कितीतरी प्रवासवर्णनं या एका चुकीनं नासली आहेत. दोष पुलंचा नाही, पण ती वाट त्यांच्याच अंगणातून गेली.

आणि आपला माणूस? गो. नी. दांडेकर, जन्म 1916, आपल्या परतवाड्याचे. तेराव्या वर्षी घर सोडलं. गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, पुढे त्यांचं चरित्र लिहिलं. त्यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही नर्मदा परिक्रमेची आहे, आणि परिक्रमेतला माणूस म्हणजे शंभर टक्के पाहुणा. त्याच्या खिशात काही नाही. ज्यानं भाकर दिली त्याचा चेहरा तो विसरूच शकत नाही. पैसे देऊन राहणाऱ्याला ती सोय असते, विसरण्याची. मला वाटतं गोनीदांच्या लेखनात माणसं इतकी ठसठशीत येतात त्याचं एक कारण हेच आहे. त्यांनी भाकरी मागून खाल्ली होती.

गाडगेबाबांचं नाव निघालंच आहे तर थोडा वेळ घेतो. शेंडगावचा हा माणूस कुठल्याही गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा. रस्ता झाडायचा, रात्री कीर्तन. काम केल्याशिवाय भाकर घेत नसत असं सांगतात. आता यावर कुणी म्हणेल, ते संत, आपण पर्यटक. तर ऐका. आइसलँड आणि नॉर्वेच्या मध्ये फेरो बेटं आहेत, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. पर्यटक वाढले, पायवाटांचा चिखल झाला. 2019 च्या एप्रिलमध्ये त्या लोकांनी एका शनिवार-रविवारच्या सुमाराला आपली मुख्य ठिकाणं पर्यटकांना बंद केली. ‘देखभालीसाठी बंद’, अशी सरळ पाटी. आणि जगभरातून शंभर स्वयंसेवक बोलावले. त्यांनी पायवाटा नीट केल्या, पायऱ्या बसवल्या. जेवण आणि राहणं बेटवाल्यांकडून. म्हणजे खराटा आधी, भाकर मग. तिथं गाडगेबाबा कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण हिशेब तोच.

नॉर्वेत 1957 पासून कायदा आहे. मोकळ्या माळावर, डोंगरात, किनाऱ्यावर कुणीही फिरावं, तंबू टाकावा, मालकाची परवानगी लागत नाही. पण तंबू कुणाच्या राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब. आणि शेतातून? शेतातून पायी जायचं ते हिवाळ्यात, जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असेल तेव्हा. पीक उभं असताना नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. ज्यानं लिहिलं त्याला धुऱ्यावरून चालायची सवय असणार! गुरुजींच्या अकरा भागांत ‘इथं कुठंही हिंडता येतं’ एवढंच आलंय. ‘कधी नाही’ ते राहून गेलं.

आपल्याकडे असं होत नाही असंही नाही. मंडणगड तालुक्यात वेळास गावी 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांसोबत समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, 2006 पासून तिथं कासव महोत्सव होतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, ताटात घरात शिजलेलंच पडतं. पिल्लं सोडताना दोरीच्या अलीकडे थांबायचं, फ्लॅश मारायचा नाही. कधी पिल्लं निघतच नाहीत, त्या दिवशी नुसता समुद्र पाहून परत. एक बाई मला म्हणाल्या, “एवढ्या लांबून आलो आणि कासव नाही दिसलं, पैसे वाया.” मी त्यांना काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

टीका म्हणून एवढंच मागणं आहे माझं. प्रवासवर्णन हाती आलं की शैली नंतर बघू. आधी शोधा, त्या गावातला एक तरी माणूस त्यात काही काम करताना दिसतो का, आणि लेखकाला तो काही बोलला का. हर्णैची ती बाई आम्हाला बोलली होती. माझ्या तेव्हाच्या लेखात ती नाही. सुवर्णदुर्ग आहे, सूर्यास्त आहे, दोन परिच्छेद. ते कात्रण अजून घरी आहे, कुणाला पाहायचं असेल तर दाखवतो.

गुरुजी येत्या जूनमध्ये पुन्हा जाताहेत. मघाशी बाहेर चहा घेताना मी त्यांना विचारलं, ते लाल घर ज्यांचं होतं त्यांचं नाव काय? ते म्हणाले, “विचारलंच नाही गड्या. किल्ली त डब्यात ठेवली होती.”