चालत्या चित्राचा थांबलेला कागद

आमच्या रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यांतील दगडी मूर्ति ज्या नजरेनें पाहाव्या, त्याच नजरेनें व्यंगचित्रपटाचा मूळ कागद पाहूं गेल्यास रसिकाची निराशा ठरलेली. मूर्ति स्वतःपुरती पुरी असते; हा कागद पुढच्या कागदाची वाट पाहत असतो.

विन्झर मॅके ह्या अमेरिकन चित्रकाराच्या ‘गर्टी’ (१९१४) ह्या मूकपटासाठीं हजारों चित्रें काढलीं गेलीं. त्यांपैकीं कांहीं शेंच उरलीं. त्यांवरील डायनोसॉर मॅके ह्यांचा. पण तेच खडक, तेंच तळें दर कागदावर पुनः गिरवलें तें जॉन फिट्झसिमन्स ह्या तरुण मदतनिसानें. पट पाहतांना हे श्रम जाणवत नाहींत. काचेआडच्या कागदावर मात्र ते ओळखूं येतात. प्रदर्शनाचा हा लाभ मी मोठा मानतों.

परंतु दादासाहेब फाळके ह्यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) ह्या पटाचें काय? तेथें हलल्या त्या खऱ्याखुऱ्या काड्या. प्रत्येक चौकटीसाठीं काडी किंचित् सरकवावयाची, एवढीच कृति. त्या काड्या जपून ठेवल्या, तरी ती मौज कोणत्या काचेआड मांडावी? म्हणून संग्रहालयानें कागद एकटा टांगूं नये. मागचेपुढचे कागद आणि चालता पट शेजारीं असावा. नाहीं तर आपण पाऊल पाहूं, चाल नव्हे.