सांधा आणि संबंध : वस्तुलोभावर भाष्य करणाऱ्या संमिश्र छायाचित्रासंबंधी काही विचार

‘भौतिकवाद’ हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या अर्थांनी वावरतो. जड द्रव्य हेच अंतिम सत्य मानणारे दर्शन, हा त्याचा एक अर्थ. चार्वाक आणि मार्क्स हे या अर्थाने भौतिकवादी होत. वस्तूंच्या संग्रहावरून माणसाची किंमत ठरविणारी वृत्ती, हा दुसरा अर्थ. चित्रकार भौतिकवादावर टीका करू पाहतो तेव्हा त्याला हा दुसरा अर्थच अभिप्रेत असतो. म्हणून प्रस्तुत विवेचनात त्या वृत्तीस ‘वस्तुलोभ’ म्हटले आहे. तिच्यावर भाष्य करण्यासाठी संमिश्र छायाचित्र, म्हणजे अनेक छायाचित्रांचे अंश जुळवून सिद्ध केलेले एक चित्र, हे साधन पुष्कळदा योजिले जाते. संगणकाने ही जुळवणी कोणाच्याही आवाक्यात आणली आहे. तथापि अशा चित्राला भाष्य केव्हा म्हणावे, हा प्रश्न साधनाच्या सुलभतेने सुटलेला नाही.

या प्रकारातील बहुसंख्य चित्रे एकाच साच्यातील असतात. आलिशान मोटारीशेजारी उपाशी मूल, देव्हाऱ्यात मूर्तीच्या जागी नाणे, अशी त्यांची मांडणी असते. ती पाहताच पाहणारा मान डोलावतो. परंतु त्याला आधी ठाऊक नव्हते असे काहीही त्याच्या पदरात पडत नाही. येथे विरोध दाखविलेला असतो, संबंध दाखविलेला नसतो. मोटार आणि भूक या दोहोंना बांधणारा धागा कोणता, हे चित्र विचारीतच नाही. विरोध आणि संबंध यांतील हा भेद ध्यानी घेतल्यावाचून या कलाप्रकाराचे मूल्यमापन संभवत नाही.

ऑस्कर रेलँडर याने १८५७ साली तयार केलेले ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे या संदर्भात उद्बोधक उदाहरण होय. तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून केलेले हे चित्र त्याच वर्षी मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्याच्या एका बाजूस द्यूत, मद्य आणि विलास; दुसऱ्या बाजूस अभ्यास, श्रम आणि भक्ती; मध्ये दोन तरुण. रेलँडरचे कसब असे की, जोड शोधूनही सहजी सापडत नाही. संपूर्ण दृश्य एखाद्या रंगमंचावर एकाच वेळी घडत असल्याचा भास होतो. चित्राची मर्यादा नेमकी येथेच आहे. डावीकडचा विलासी आणि उजवीकडचा श्रमिक एकाच चौकटीत उभे आहेत. पण एकाची चैन दुसऱ्याच्या श्रमावर चालते काय, ही शंकादेखील चित्र उत्पन्न करीत नाही. उपदेश आहे, विश्लेषण नाही.

उलटपक्षी जॉन हार्टफील्डने १९३२ साली ‘ए. आय. झेड.’ या जर्मन साप्ताहिकासाठी केलेले हिटलरचे चित्र पाहावे. आवेशाने भाषण करणाऱ्या हिटलरच्या छातीच्या जागी क्ष-किरण चित्र आहे आणि पाठीचा कणा नाण्यांच्या चळतीचा आहे. तो सोने गिळतो आणि पत्रा बोलतो, अशा आशयाचा मथळा त्याखाली आहे. येथे धन आणि वाणी शेजारी ठेविलेली नाहीत. धन हे वाणीचे कारण म्हणून देहातच बसविले आहे. त्याच चित्रकाराच्या १९३५ च्या चित्रात एक जर्मन कुटुंब जेवणाच्या मेजावर लोखंड चघळताना दिसते. लोण्यापेक्षा लोखंडाची महती गाणाऱ्या गोअरिंगच्या भाषणाचा आधार त्याला आहे. यात शस्त्रसज्जतेचे धोरण आणि घरातील ताट यांचा संबंध एका घासात उकलला आहे.

या दुसऱ्या चित्रातील जोड अतिशय सफाईचे आहेत. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सांधा म्हणजे कात्रीची रेघ नव्हे. दोन परस्परभिन्न वास्तवे येथे एकत्र आणली आहेत, ही पाहणाऱ्याची जाणीव म्हणजे सांधा होय. किंबहुना त्याला कात्रीची आवश्यकताच असते असेही नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट हिने १९३७ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे ओहायो नदीच्या पुरानंतर घेतलेले छायाचित्र पूर्णपणे सरळ आहे. मागे मोटारीतील हसऱ्या गोऱ्या कुटुंबाचा, अमेरिकी राहणीमानाची थोरवी सांगणारा प्रचंड फलक. पुढे मदतीसाठी रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय पूरग्रस्त. जोडकाम वस्तुस्थितीनेच केले होते. छायाचित्रकर्तीने ते ओळखले.

हा विचार सातारा–सांगली प्रदेशाला लावताना प्रथम एक सावधगिरी पाळावी लागते. येथे कारखान्यातील वस्तू केवळ लोभाचा विषय म्हणून अवतरली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत दूर करणे हे तेथील विक्रीचेच एक अंग होते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा ‘प्रभाकर’ कंदील हा स्वदेशीचा अभिमानविषय होता. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, आणि कारखान्याची माहिती देणाऱ्या त्या पत्रातून पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक उभे राहिले. तेव्हा नांगर, कंदील, सोन्याची पाटली आणि मोटार यांना सरसकट ‘मोहाचे ढीग’ म्हणून एकत्र रचणारे चित्र या प्रदेशाच्या इतिहासाशी अप्रामाणिक ठरेल. वस्तू मुक्त केव्हा करते आणि बांधते केव्हा, हा विवेक त्यात हवा.

आज या दोन्ही जिल्ह्यांत सर्वाधिक दिसणारे संमिश्र छायाचित्र म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स. उत्सवमूर्तीचा मोठा चेहरा, भोवती उतरत्या आकारात शुभेच्छुकांचे चेहरे, मागे मोटार अथवा वाघ. चेहऱ्याचा आकार प्रतिष्ठेच्या प्रमाणात ठरतो. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली बेकायदा फलकांविरुद्ध निर्णय दिला. न्यायालयापुढील प्रश्न परवानगीचा आणि विद्रूपीकरणाचा होता. समीक्षेपुढील प्रश्न निराळा आहे. फ्लेक्सवर वाघ आणि मोटार या दोन वास्तवांतील अंतर जाणवू नये, ती दोन्ही त्या व्यक्तीचीच भासावीत, असा हेतू असतो. म्हणजे सांधा येथे हेतुपुरस्सर मिटविला जातो. तंत्र तेच, प्रयोजन विरुद्ध. मात्र फ्लेक्सला केवळ हसणे हेही अपुरेच. ज्याचे नाव अन्यत्र कोठेही छापले जात नाही, त्याला चौकात चेहरा मिळतो, ही गरजही त्यात आहे. तिची दखल न घेणारे विडंबन तुच्छतेत जमा होईल.

या कसोटीचा उपयोग एका कल्पित उदाहरणाने दाखविता येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. या पुराच्या छायाचित्रात सराफी पेढीची जाहिरात तरंगत असलेली दाखविली, तर ‘धन शाश्वत नाही’ एवढाच बोध निघेल, आणि तो चित्रावाचूनही ठाऊक आहे. परंतु पुलावरील फुटांच्या खुणा सदनिकांच्या जाहिरातीतील इमारतीवर नेऊन बसविल्या आणि प्रत्येक मजल्याची किंमत त्या खुणांशी जोडली, तर नदीकाठच्या जमिनीचा भाव आणि नदीचा अधिकार यांचा व्यवहार दिसू लागेल. घर विकत घेणारा त्यात खलपुरुष ठरणार नाही. तो त्या व्यवहारातील एक बाजू म्हणून दिसेल.

वस्तुलोभावरील संमिश्र छायाचित्राला विचारावयाचे प्रश्न यावरून निश्चित होतात. त्याने कोणती दोन वास्तवे एकत्र आणली? त्यांतील अंतर पाहणाऱ्यास जाणवते काय? आणि त्या अंतरातून एखादे कारण प्रकट होते, की केवळ खेद? ज्या चित्रातून केवळ खेद प्रकट होतो ते पाहणाऱ्याला निर्दोष असल्याचे समाधान देते. आणि हे समाधानदेखील संग्रही ठेवण्याजोगी एक वस्तूच बनते. ज्यातून कारण प्रकट होते ते पाहणाऱ्यालाही चित्रात ओढून घेते. या कलाप्रकाराचे सामर्थ्य आणि त्याची नैतिक बाजू, दोन्ही तेथेच आहेत.